कान चांगले आहेत

नाव: रंजना गजेंद्र वाडिले. वय: ४१ वर्षे. धंदा: घरी बसून साड्यांना टिकल्या लावणे. राहणार: गोडादरा, सुरत. मूळ गाव शिरपूर तालुक्यात, जिल्हा धुळे.

मी आज रविवार, दि. १६ नोव्हेंबर २०२५ रोजी संध्याकाळी सहा वाजता पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, हेड कॉन्स्टेबल मालतीबाईंनी विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती गजेंद्र दगा वाडिले, वय ४४, असे दोघेच राहतो. मुलगी हर्षदा लग्न होऊन कडोदऱ्याला आहे. तिचे सासरचे तिला आमच्याकडे पाठवत नाहीत. त्यांचंही काय चुकलं म्हणा.

माझे पती बावीस वर्षे लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, कारागीर होते. दर रविवारी आमच्या खान्देशी पोरांच्या टीममध्ये फुटबॉल खेळायचे. बॉल डोक्याने मारण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. गोलच्या खांबावर डोकं आपटून पडले तर टीमचे कॅप्टन धुडकू निकुंभ तोंडावर पाणी मारायचे, ते उठून उभे राहायचे आणि सगळी गल्ली टाळ्या पिटायची. मीही पिटायची. एकदा असेच पडल्यावर घरी येऊन त्यांनी मला चारदा विचारलं, मॅच कोण जिंकलं? मला वाटलं, मस्करी करताहेत. मी हसले.

तीन वर्षांपासून हाक मारली तर ते ओ देईनासे झाले. खात्यातल्या माणसाला कमी ऐकू येतं, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मागांच्या खडखडाटात कान जातात, म्हणून कारागिरांच्या बायका घरात ओरडूनच बोलतात. त्यात कोणाला वावगं वाटत नाही. मीही ओरडू लागले. गल्लीही ओरडू लागली. ते दोन्ही हातांनी डोकं दाबून म्हणायचे, "मी बहिरा नही शे. वरडू नको." मला वाटायचं, लाज वाटते म्हणून कबूल करत नाहीत. कोणता बहिरा कबूल करतो?

जानेवारीत त्यांनी मुकादमाला मारलं, म्हणून खात्यातून काढलं. मी धुडकूभाऊंकडे गेले. ते म्हणाले, "वहिनी, मर्द माणूस आहे, राग येणारच." मी म्हटलं, आग लावा त्या मर्दपणाला. तेव्हापासून टीमचं कोणी दारात आलं नाही. गावी सासूबाई शोभाबाईंना फोन केला तर म्हणाल्या, आपलेच दात अन् आपलेच ओठ. दिवसभर ते भिंतीकडे तोंड करून बसतात. मी टिकल्या चिकटवते. असे आठ आठ दिवस जातात. घरात माणूस असून मी एकटी आहे, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलं म्हणून सांगते.

सप्टेंबरमध्ये सरकारी दवाखान्यात नेलं. कान तपासून डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत. मग फुटबॉलचं सगळं विचारलं. म्हणाले, डोक्याला वर्षानुवर्षे मार बसला की मेंदूला इजा होऊ शकते, विसर पडतो, राग आवरत नाही. हे त्यामुळेच आहे का, असं मी विचारलं. म्हणाले, असू शकतं, खात्रीने नाही सांगता येत. मोठी तपासणी करू, तोवर घरात ओरडू नका. तपासणी येत्या गुरुवारी सकाळी दहाला आहे.

आज दुपारी साडेतीन वाजता मी चहा केला. दोनदा हाक मारली. ते हलले नाहीत. तिसऱ्यांदा मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "चहा गार होतोय!" डॉक्टरांनी सांगितलेलं मला ठाऊक होतं. तीन वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. त्यांनी खिडकीला अडकवलेला मागाचा जुना लाकडी धोटा ओढला आणि मारला. मी हात आडवा धरला. डावं मनगट मोडलं.

मी खाली बसले. थोड्या वेळाने ते माझ्याजवळ आले. स्वतःच्या रुमालाने माझा हात बांधला आणि विचारलं, "ताई, तुमले कोनी मारं?" मी मागे सरकले. ते म्हणाले, "घाबरू नका. मनी बायको येई आते, ती तुमले दवाखानामा लई जाई." आम्ही तिची वाट बघत बसलो. मीसुद्धा बसले, काय करणार? पावणेपाच झाले तरी ती येईना, तेव्हा त्यांनीच रिक्षा केली. जवळच्या दवाखान्यात प्लॅस्टर घातलं. मग म्हणाले, ज्यानं मारलं त्याला सोडायचं नाही, चला पोलीस ठाण्यात. वाटेत रिक्षाला खड्डा लागला की ते माझा हात खालून धरायचे. लग्नाला बावीस वर्षं झाली, इतक्या जपून त्यांनी मला कधी धरलं नव्हतं. मला रडू आलं ते दुखण्यामुळे नाही.

मारणाऱ्याचं नाव विचारल्यावरून सांगते, गजेंद्र दगा वाडिले. तक्रार मागे घेणार का, असं विचारल्यावरून सांगते, नाही. आज त्यांना माझ्यासोबत घरी पाठवू नये. मला त्यांची भीती वाटते. पण कोठडीतही टाकू नये, दवाखान्यात ठेवावं, आणि गुरुवारी दहा वाजता कोणीतरी तपासणीला न्यावं. त्यांना बेड्या घातल्या तर का घातल्या ते कळणार नाही. मालतीबाई म्हणाल्या, ओरडलीस त्यात तुझा गुन्हा नाही. हे लिहायचं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लिहा.

हा जबाब मालतीबाईंनी मला मराठीत वाचून दाखवला. "रागाच्या भरात मारले" यातले "रागाच्या भरात" हे शब्द मी खोडायला लावले, कारण ते मला माहीत नाही. बाकी मी बोलले तसंच उतरलं आहे, म्हणून उजव्या हाताने सही करते.

सही: रंजना गजेंद्र वाडिले

जखमीस ठाण्यात घेऊन येणाऱ्याचे नाव: गजेंद्र दगा वाडिले. बाहेर बाकड्यावर हजर.
जखमीशी नाते: त्यांना विचारले असता, ओळख नाही असे सांगतात. जखमी सांगते, पती.