चार नंबरचा वाफा

देवरे : आणि हा आपला चार नंबरचा वाफा, मॅडम. फोटो इथूनच घ्या, मागे बोर्डपण येतो.

उज्वला : अंजन ना?

देवरे : अंजन. या भागात पाऊस पाहुण्यासारखा येतो, तरी बघा, रोप कमरेला लागतंय. विंचूरपासून येवल्यापर्यंत असा अंजन कुठल्या रोपवाटिकेत दाखवा, मी आजच घरी बसतो. तसाही बसणारच आहे म्हणा, नऊ दिवसांनी.

उज्वला : निवृत्ती?

देवरे : हो ना. पोरांनी सत्कार ठेवलाय. म्हटलं कशाला, पण ऐकत नाहीत.

उज्वला : मागचे वाफे बुटके दिसतात. त्यांचं वय काय?

देवरे : तेच बी, तेच चौदा महिने. पण ते वाफे मजुरांच्या भरवशावर आहेत. तिकडे नका जाऊ, चिखल आहे, चपला भरतील. एक मिनिट हं, वरचा फोन आहे. कुसाबाई, तो पाइप बंद कर अन् मॅडमना पाणी दे.

कुसाबाई : घ्या बाई. माठातलं हाय.

उज्वला : ठेवा इथेच. घेते.

कुसाबाई : घ्या की. मला बघायचंय.

उज्वला : काय बघायचंय?

कुसाबाई : हेच. पेला दोन्ही हातांनी धरलात तुमी. आमच्या नाथाभाऊचीबी तीच तऱ्हा. तू त्येची पोर उजू ना गं?

उज्वला : हळू बोल, मावशी.

कुसाबाई : एवढीशी होतीस. शाळा सुटली की इथं येऊन पिशव्यांत माती भरायचीस. साहेबानं वळखलं नाय?

उज्वला : त्यांनी मला कधी नीट बघितलंच नव्हतं. आणि आता आडनाव सासरचं आहे.

कुसाबाई : भाऊ कसाय?

उज्वला : दादा दिवाळीच्या आधी गेले.

कुसाबाई : मला कुणी सांगितलं नाय गं.

उज्वला : कुणालाच सांगितलं नाही. गावात लोक त्यांना झाडं मारणारा गार्ड म्हणायचे. नऊ वर्षं ते ओट्यावर बसले नाहीत. मग माणसं कशाला बोलवायची, असं आई म्हणाली.

कुसाबाई : झाडं मारणारा. अन् तेबी भाऊला.

उज्वला : देवरे आमच्या घरी आले होते तेव्हा. आईच्या हातचा चहा घेतला. म्हणाले, नाथा, एवढं अंगावर घे, तीन महिन्यांत तुला कामावर परत आणतो. आई दारातच उभी होती. दादांनी मान हलवली आणि नंतर कधी तोंड उघडलं नाही. शब्द दिला होता ना.

कुसाबाई : अन् ह्यानं त्येचा पाळला नाय. तू आता खात्यात हायेस व्हय?

उज्वला : नाही. गंगापूर रोडच्या एका कॉलेजात शिकवते. यंदा रोपवाटिकांच्या तपासणीचं काम आमच्याकडे आलंय. सोळा ठिकाणं होती. हे मी मागून घेतलं.

कुसाबाई : कशापायी?

उज्वला : सत्काराच्या आत यायचं होतं. ही सगळी रोपवाटिका नापास करणार आहे मी. सगळी. जाताना त्यांच्या नावापुढे तेवढंच राहू दे.

कुसाबाई : मागचे वाफेबी?

उज्वला : सगळी म्हणजे सगळी.

कुसाबाई : मग ती रोपं कुठं जायची?

उज्वला : कुठेच नाही.

कुसाबाई : म्हंजे पिशवीतच सुकायची. उजू, दर तीन महिन्याला मी अन् लंकाबाई येकेक पिशवी उचलतो. बुडातनं बाहेर आलेलं मूळ कापतो अन् पिशवी दुसऱ्या जागेवर ठिवतो. आठ दिस रोप मान टाकतं, साहेबाचं तोंड वाकडं व्हतं, शिव्या खातो, तरी करतो. हे आमाला शिकवलं कुणी?

उज्वला : दादांनी.

कुसाबाई : मग नापास कुणाला करतीस तू?

उज्वला : ते येताहेत. तू आता मला बाई म्हण.

देवरे : सॉरी हं मॅडम. वरूनच विचारत होते, तपासणी कशी चाललीय. म्हटलं, एकदम मस्त. चला, चहा सांगितलाय ऑफिसात.

उज्वला : एक पिशवी उचलून बघू या. ही, मधली.

देवरे : कशाला हलवता? मुळाला धक्का बसतो.

उज्वला : लागवडीला जाताना उचलणारच ना? कुसाबाई, तुम्ही उचला. हळू.

(पिशवी जागची हलत नाही, मग ताण बसून जमिनीतलं मूळ टचकन तुटतं.)

कुसाबाई : तुटलं.

उज्वला : किती जाड आहे?

कुसाबाई : माझ्या करंगळीयेवढं. पिशवी फोडून खाली गेलं व्हतं. हे रोप पिशवीत नव्हतंच बाई, जमिनीत व्हतं. म्हून तर येवढं वाढलं.

उज्वला : आता हे डोंगरावर लावलं तर?

कुसाबाई : पंधरा दिस हिरवं ऱ्हाईल. मंग खलास.

देवरे : तुला कुणी विचारलं गं? मॅडम, म्हणजे कसंय, एखादी पिशवी राहते.

उज्वला : दुसरी तुम्ही सांगा. तुमच्या पसंतीची.

देवरे : राहू द्या. खरं सांगतो, या बायांना शंभर वेळा सांगितलं, पिशव्या हलवा, हलवा. ऐकत नाहीत. मी आजच लेखी देतो, मजुरांची हयगय म्हणून. हिला उद्यापासून बंदच करतो.

कुसाबाई : साहेब, तुमीच म्हनला व्हता, चार नंबरला हात लावू नका, तपासनी हाय, मान टाकलेली रोपं दिसायला नको.

देवरे : बघा. कशा बोलतात बघा.

उज्वला : हे याआधीही झालं होतं ना? याच वाफ्यात, नऊ वर्षांपूर्वी?

देवरे : ते तुम्हाला कुठून कळलं?

उज्वला : तपासणीला यायच्या आधी जुने कागद वाचते मी.

देवरे : मग वाचलं असेलच. अहो, तेव्हा मी वनपाल होतो, आणि इथे शिरसाठ नावाचा एक गार्ड होता. माणूस तसा साधा, पण आळशी. एकदम आळशी. पिशव्या हलवल्याच नाहीत. वरून कार्यक्रमाची तारीख ठरलेली, रोपं द्यावीच लागली. चार हजार अंजन डोंगरावर लावले, महिन्याभरात काड्या झाल्या. मग त्याच्यावर कारवाई झाली. मला फार वाईट वाटलं.

उज्वला : वाटलं?

देवरे : म्हणजे काय. माझ्या हाताखालचा माणूस.

उज्वला : देऊ नका असं त्याने तुम्हाला लिहून दिलं नव्हतं?

देवरे : छे. लिहून दिलं असतं तर मी थांबवलं नसतं का? एक ओळ नाही लिहिली. तेच तर ना.

उज्वला : हे वाचा. ही झेरॉक्स आहे, खरा कागद घरी आहे.

देवरे : काय आहे हे?

उज्वला : मोठ्याने वाचा. कुसाबाईंनाही ऐकू दे.

देवरे : ‘महोदय, वाफा क्रमांक चारमधील पिशव्या आपल्या तोंडी आदेशावरून कार्यक्रमापर्यंत हलवल्या नाहीत. मुळे जमिनीत उतरली आहेत. ही रोपे उपटली तर जगणार नाहीत. लागवडीस देऊ नयेत, ही विनंती.’

उज्वला : खाली काय लिहिलंय?

देवरे : ‘पाहिले.’

उज्वला : आणि?

देवरे : माझी सही आहे. तारीख आहे. हे कुठे मिळालं तुम्हाला?

उज्वला : अंजनाच्या बियांच्या डब्यात होतं. बियांच्या खाली.

देवरे : मॅडम, नऊ दिवस राहिलेत माझे. नातवंडं येणार आहेत सत्काराला. तुम्ही शिकलेल्या आहात, समजून घ्या. मागचे वाफे चांगले आहेत, हवे तर त्यांचे फोटो घ्या, तेच लिहा.

उज्वला : तेही लिहिणार आहे. मागचे सगळे वाफे उत्तम, मुळं पिशवीत, रोपं लागवडीस योग्य. पद्धत नाथा शिरसाठ यांनी घालून दिलेली, आणि कुसाबाई व लंकाबाई यांनी सांभाळलेली. पूर्ण नावानिशी. चार नंबर नापास, कारण इन्चार्जच्या आदेशावरून पिशव्या हलवल्या नाहीत.

कुसाबाई : मागची रोपं लावायला जाऊ दिलीत बाई तुमी.

उज्वला : तुम्ही बरोबर बोलत होतात.

देवरे : आणि हा कागद?

उज्वला : रिपोर्टला जोडणार.

देवरे : नाहीच जोडला तर? काय हवं तुम्हाला, स्पष्ट बोला.

उज्वला : तुमच्याकडे देण्यासारखं काही नाही. कागद जाणारच. भेटवहीत माझ्या शेऱ्याखाली इन्चार्जचा खुलासा असतो, ती जागा तेवढी रिकामी आहे. तुम्ही तिथे मजुरांची हयगय लिहू शकता. मग चौकशीत तुमचा खुलासा आणि तुमची सही शेजारी शेजारी ठेवतील. किंवा खरं लिहा.

देवरे : खरं लिहिलं तर सुटेन?

उज्वला : नाही. पण विचारायच्या आधी स्वतःहून सांगितलंत, एवढं दिसेल.

देवरे : कुसाबाई, तू तर बरीच वर्षं बघतेस मला.

कुसाबाई : बघते ना साहेब. म्हून तर गप हाय. वही आणते, पेनबी आणते.

देवरे : काय लिहू?

उज्वला : नऊ वर्षांपूर्वी शिरसाठ यांनी लेखी कळवलं होतं. ते बरोबर होतं. मी वाचलं आणि तरीही रोपं दिली. दोष त्यांचा नव्हता.

देवरे : ‘…लेखी कळवले होते. ते बरोबर होते…’ मॅडम, शिरसाठ असतो कुठे आता? भेटला तर माझ्यातर्फे सांगा त्याला. त्या वेळी माझाही नाइलाज होता म्हणावं.

उज्वला : लिहा.

देवरे : ‘मी वाचले आणि तरीही…’ या पानाची कॉपी वरच जाणार ना फक्त?

उज्वला : एक वर जाईल. एक मी घरी नेणार आहे.

देवरे : घरी कशाला?

उज्वला : अक्षर जरा मोठं काढा. आईचा चष्मा जुना आहे.