सात कुलपांची सहल

विलायतेत काय पाहिलं म्हणून विचारता, तर कुलपं पाहिली. पोरगा तिकडं नोकरीला आहे. रविवारी म्हणाला, "आबा, आज निवांत बोटीनं कालव्यात फिरू. वाटंत सात लॉक हायत, तेवढी तुमी उघडा."

मी म्हणालो, "किल्ली दे." त्यानं हातात लोखंडी हँडल ठेवलं. चांगलं जड होतं.

तिथलं लॉक म्हणजे कालव्यातला दरवाजा. हँडल फिरवून पाणी सोडायचं, पाण्यानं बोट वर उचलली की लाकडी दांडा पाठीनं रेटून दरवाजा उघडायचा. पोरगा बोटीवर सुकाणू धरून उभा, मी काठावर.

तिसऱ्या दरवाजाला त्यानं विचारलं, "आबा, दमलासा काय?"

"पंचगंगेच्या बंधाऱ्यात पाणी अडवायला वीस वर्सं जड लोखंडी बरगं घातल्यात मी. तू दमलास काय?"

"न्हाय."

"मग चल की."

सातव्याला दांडा तीनदा रेटावा लागला. दरवाजा कसाबसा उघडला आणि मी त्या दांड्यावरच टेकलो.

पोरगा म्हणाला, "आता माघारी. बोट घेतली तिथंच द्याची हाय."

"दुसरी वाट?"

"न्हाय. हीच सात."

साऱ्या जन्मात जो शब्द तोंडातून काढला नव्हता, तो त्या दिवशी काढला. "दमलो, बाबा."

तसा पोरगा सुकाणू सोडून मटकन खाली बसला. "मी दुसऱ्यालाच दमलोतो, आबा. पर तुमच्या आधी म्हणायचं कसं?"