गुदगुल्यांची ड्युटी

...आणि परत मलाच! तुम्हाला सांगतो, औषधांच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळण्यात हयात गेली माझी, पिंजरे धुतले, भुसा बदलला, सगळं केलं, पण या वयात पगार घेऊन उंदरांना गुदगुल्या करायच्या? हसा, हसा, तुमचं काय जातंय. शास्त्र आहे हो ते. आमच्या मॅडम चष्मा सावरत म्हणतात, "काका, प्राणी आनंदी असला ना, की माणसाच्या हाताला घाबरत नाही, प्रयोगाचे आकडेही बरोबर येतात, शिवाय ते आपलं कर्तव्यच आहे." म्हटलं, बरं बाई, कर्तव्य तर कर्तव्य. आधी मानेवर दोन बोटं, मग उताणा करायचा, मग पोटावर... आणि तो हसतो. खरंच हसतो. आपल्या कानाला ऐकू येत नाही इतकं बारीक, म्हणून मॅडमनी यंत्र लावलंय, त्यातून नुसतं चिक चिक चिक चिक.

त्यात माझ्या हाताला म्हणे गुण आहे. मी पिंजऱ्यात हात घातला की सगळे धावत येतात, बोटांमागे पळतात, आणि त्यातला एक कानतुट्या, तो तर आपणहून उताणा पडून वाट बघायचा. बायको म्हणाली, "चला, कुणीतरी तुमच्या येण्याची वाट बघतं म्हणायचं." हसा, हसा.

पण प्रयोग संपला की उंदीर ठेवत नाहीत हो. गॅसच्या पेटीत ठेवतात, तिथे ते झोपतात ते झोपतातच. दुखू द्यायचं नाही असा नियम आहे, चांगला नियम आहे, माझी तक्रार नाही. ते काम दुसऱ्या एकाकडे असायचं. गेल्या खेपेला मॅडम म्हणाल्या, "काका, शेवटी तरी घाबरू नयेत ते. तुम्हीच ठेवा ना." ठेवले. कानतुट्याला उचलला तर हा माझ्या तळहातावर उताणा. आणि ते यंत्र कुणी बंदच केलं नव्हतं... झाकण लागेपर्यंत हसत होता तो. झाकण लागल्यावरही थोडा वेळ.

तेव्हापासून घरी नात बगला वर करून समोर उभी राहते, "आजोबा, करा ना," आणि माझी बोटं पुढे सरकत नाहीत. भीती वाटते मला. कसली ते विचारू नका.

मग ठरवलं, हे काम अंगावरून झटकायचं. नव्या उंदरांना मुद्दाम वाईट गुदगुल्या करायच्या. गार हात, बोटं नुसती टेकवायची, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. हसा, हसा, तेही हसले. चार दिवसांत तेही धावत यायला लागले. शेवटी मॅडमपुढे हात जोडले, म्हटलं, पेटीचं तेवढं दुसऱ्या कुणाला द्या. वाईट बाई नाही हो ती, डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. म्हणाली, "देते, काका. दुसऱ्याच्या हातात ते घाबरतील, एवढंच."

उद्या त्या नव्यांचा पेटीचा दिवस आहे. जाणार मीच... माझ्याशिवाय आहे कोण त्यांना?