सूनबाईने मागितलेली दाढ

...आणि दाढ ती काय हो, बत्तिसांतली एक! गेली तर गेली म्हणावं आणि गप्प बसावं. पण नाही. तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांच्या त्या एका डाव्या दाढेनं सहा वर्षं अख्ख्या घराला चावलंय! आधी तिच्यात चांदी भरली, ती पडली. मग सिमेंट भरलं, तेही पडलं. मग दाताच्याच रंगाचं काहीतरी भरलं, निळा दिवा मारून घट्ट करतात ते. हे आरशापुढे तोंड वासून उभे, "अगं, कुठली भरलीय, ओळखू येतं का?" चौथ्या महिन्यात एक अक्रोड तोंडात टाकला नि... कट्ट! ह्यांना वाटलं, टरफल आलं. मलाही वाटलं, टरफल आलं. गिळलं!

आणि ह्यांचा स्वभाव म्हणजे... पस्तीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली, लोखंड कातत. टर्नर. "एका शतांश मिलिमीटरला माझा हात चुकत नाही," हे वाक्य मला बघायला आले तेव्हासुद्धा म्हणाले होते, बोला! त्यामुळे दुसरं कुणी कशाला बारीक म्हणालं की झालं. भुवई वर, हात पाठीमागे, आणि "बारीक म्हणजे? किती बारीक?" मी काकडी बारीक चिरली म्हटलं, तरी "किती बारीक?" त्या दिवशी दातांचे डॉक्टर सांगत होते, भरलेल्याच्या कडेला बारीक फट राहिली, तिच्यातून कीड आत शिरली. ह्यांचं तोंड उघडं, तोंडात नळी, कापूस, डॉक्टरांची दोन बोटं... आणि त्यातून आवाज आला, "इ-ई आ-ई?" डॉक्टर घाबरले ना! म्हटलं, घाबरू नका, किती बारीक ते विचारतायत.

आता गंमत अशी, की आमची सूनबाई दात भरायच्या मसाल्यावरच संशोधन करते. प्रयोगशाळेत. तीन वर्षं! घरात ही अशी सून आणि सासऱ्याच्या तोंडात भोक. लोक हसायचे हो आम्हाला.

एका रविवारी जेवताना ती सांगायला लागली, "बाबा, मसाला घट्ट होताना किंचित आकसतो, म्हणून कडेला फट पडते. आम्ही त्यात नॅनो कण मिसळून बघतोय, म्हणजे आकसणं कमी होईल. फार बारीक असतात ते..." मी मनात म्हटलं, मेले! भुवई वर. "बारीक म्हणजे? किती बारीक?" तिनं पाण्याचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाली, "तुमच्या एका शतांश मिलिमीटरमध्ये माझे पाचशे कण एका रांगेत उभे राहतील."

घास हातातच राहिला ह्यांचा! बरं, गप्प बसावं की नाही? नाही! "तीन वर्षं पीठ चाळतेयस सूनबाई, एक भोक काही बुजलं नाही अजून!" हसत म्हणाले, पण शब्द तो शब्द. ती ताट उचलून आत गेली. मग मुलानं सांगितलं, आदल्याच दिवशी तिच्या कणांच्या गुठळ्या होऊन अख्खी खेप वाया गेली होती. वरच्या मॅडमनी बजावलं होतं, आता शेवटची खेप, नाही जमलं तर काम बंद. ह्यांचा चेहरा एवढासा झाला. पण माफी मागायची? छे! जीभ लेथवर घासलीय का ती, सरळ यायला?

पुढच्या आठवड्यात दाढ काढायचीच ठरली. सूनबाईच गाडीतून घेऊन गेली आम्हाला. डॉक्टर दाढ टाकून देणार, तेवढ्यात ही पुढे, "थांबा! बाबा, मला द्याल?" ह्यांच्या तोंडात कापूस, नुसती मान हलवली. सुनेचा सासऱ्यावर दात असतो हे आपण ऐकलंय, पण सुनेनं सासऱ्याची दाढ बाटलीत घालून, लेबल लावून नेली, हे कुणी ऐकलंय का?

मग एक दिवस ती चष्मा घरीच विसरली. आम्ही दोघं द्यायला गेलो. लांबलचक पांढरी खोली, यंत्रांची घरघर, कुठे हात ठेवावा तेही कळेना. तिनं आम्हाला एका पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर डोंगर! दऱ्या, कडे, खडक... म्हटलं, कुठला गं हा प्रदेश? "आई, ही बाबांची दाढ."

अहो, जिच्याशी मी इतकी वर्षं संसार केला ती दाढ! सूनबाईनं बोट ठेवलं, "ही ती फट. केसाहूनही बारीक." फट कसली, घळ होती घळ! आणि तिच्यात गोल गोल जंतू, रांगेनं, पाय पसरून, भाडं न देणाऱ्या भाडेकरूंसारखे! मग तिनं दुसरं चित्र लावलं. "आणि हे माझे कण. आता ह्यांना एक पातळ लेप दिलाय, गुठळ्या होत नाहीत." आभाळभर चांदण्या पसराव्यात तसं काहीतरी होतं. एकसारखं. शांत. एक चांदणी दुसरीला चिकटलेली नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. भुवई खाली आली होती. हात पाठीमागून पुढे आले होते. आणि अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "किती... बारीक..." प्रश्न नव्हता हो तो. पहिल्यांदाच नव्हता.

मग म्हणाले, "पुन्हा गुठळ्या झाल्या तर थोडं थोडं घाल आणि ढवळत राहा." ती म्हणाली, "बाबा, ते पहिल्याच आठवड्यात करून झालं." मी मनात म्हटलं, बरं झालं!

शेजारी एक यंत्र होतं, खट्-खट्, खट्-खट्. चावायचं यंत्र! दाढेचे दोन तुकडे केलेले, एकात नेहमीचा मसाला, दुसऱ्यात हिचा. म्हणजे बघा, मालक इथे उभा आणि त्याची दाढ तिकडे एकटीच चावतेय! दोन लाख वेळा चावायचं होतं तिला. मी हसतेय, आणि हे एकदम वाकले, "जॉब हलतोय." यंत्रात धरलेल्या तुकड्याला हे जॉबच म्हणतात.

"बाबा, हात नका लावू."

"जॉब हलतोय, सूनबाई! पकड ढिली आहे."

तिनं वाकून बघितलं आणि पांढरी पडली. खरंच हलत होता. तिरकं चावलं जात होतं, तोवरचं सगळं फुकट. आणि यंत्र तिच्याकडे आणखी नऊच दिवस होतं.

हे तिथूनच निघाले ते जुन्या कारखान्यात. पोलादाची पकड करायला बसले. पहिली बिघडली. दुसरी बिघडली. तिसरीही. घरी येऊन पंजे पुढे धरून मला दाखवले, "थरथरतात गं आता." मी म्हटलं, जेवा आधी. दुसऱ्या दिवशी चौथी केली. सूनबाईनं दोन्ही तुकडे बसवले, आणि खट्-खट्, खट्-खट्... केसभरही हलेनात!

मग रोज दुपारी, "चल, दाढ कशी आहे बघून येऊ." दवाखान्यात नातलग ठेवल्यासारखं! दोन लाख वेळा चावून झालं, मग गरम पाणी, गार पाणी, गरम, गार, आणि शेवटी जांभळ्या रंगात बुडवली. रंग जितका आत शिरेल तितकी फट. वरच्या मॅडम आल्या. तुकडे कापले. नेहमीच्या मसाल्याच्या कडेनं रंग थेट तळाला पोचलेला. आणि हिच्या तुकड्यात... वरच्या काठाला एक जांभळी रेघ, दोऱ्याएवढी... आणि पुढे नाही. तिथेच थांबलेली! मॅडम पुन्हा पुन्हा बघत होत्या. माझ्या तर अंगावर काटा आला, डोळ्यांना न दिसणाऱ्या भुकटीनं रंगाला दारातच अडवलं म्हणजे काय!

ह्यांनी घसा खाकरला. "सूनबाई, त्या दिवशी जेवताना मी..."

तिनं पूर्ण बोलूच दिलं नाही. "बाबा, जॉब हलला नाही."

बस्स. दोघंही दुसरीकडे बघायला लागले. मी पदर डोळ्यांना लावला.

बाहेर आल्यावर मात्र हे उड्या मारायला लागले. "मग आता उजवीकडचीत भर की! ती पण दुखतेय!" ती म्हणाली, "बाबा, एका दाढेवरून काही सिद्ध होत नाही. अजून चाळीस दाढा तपासायच्या, मग बाकीच्या चाचण्या. माणसाच्या तोंडात यायला दहा वर्षं तरी लागतील."

"दहा? आणि तोवर मी काय करू?"

तर तिनं पर्समधून एक पाकीट काढून ह्यांच्या हातावर ठेवलं. ब्रश! सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, दोन-दोन मिनिटं. एवढं थोर काम आमच्या घरात चाललंय, आणि आमच्या वाट्याला काय आलं, तर ब्रश! उठते बाई... ह्यांनी संध्याकाळचा केला की नुसताच ओला करून ठेवला, ते बघायची ड्यूटी माझी.