पास्कलदादाचा फंड आणि वहिनींचे गुडघे

माझ्या गोष्टींत मीठ जरा जास्तच असतं, मिठागरांच्या गावचा पेणकर ना मी! पण ही बिनमिठाची आहे.

रोह्याचा आमचा पास्कलदादा कंपनीतून रिटायर झाला आणि फंडाचा सगळा पैसा घेऊन चर्चमध्ये गेला. "फादर, गुडघे टेकायला नवे बाक करा."

फादरनी मागे भिंत धरून उभ्या असलेल्या मार्थावहिनींकडे पाहिलं. "आधी यांचे गुडघे करून आणा."

दादानं त्याच पैशातून वहिनींचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "आता गुडघे टेकायचे नाहीत."

दादा हिरमुसला. "मग देवाच्या काय उपयोगाचं झालं गो?"

चर्चमध्ये खुर्चीवर ऐसपैस बसत वहिनी म्हणाल्या, "गुडघे टेकून जन्मभर मागितलं. आता जरा बसून बोलू दे त्याच्याशी."