एकोणीस चेंडू

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज निरोप घेणाऱ्या आपल्या बालवर्गाच्या बाई आणि समोर बसलेल्या आयाबहिणींनो,

मी मॅट्रिक झालेली गृहिणी. मला भाषण कुठलं येणार? समितीची वहीच वाचते. गेल्या वर्षी आलेलं सामान: रबरी चेंडू एकोणीस, घासाघीस करून दर दहा, एकूण एकशे नव्वद. खडूचा तुकडासुद्धा वाया न घालवणाऱ्या मीच हा खर्च मागितला होता.

त्याआधी वीस मुलांत एकच चेंडू होता. रोज ओढाओढ, रडारड. आणि बाई हाताची घडी घालून उभ्या. मी म्हटलं, "अहो, डोळे फोडतील एकमेकांचे."

"नाही फोडणार, आजी. मागायला शिकतायत. थोडं थांबा."

माझ्या नातीला चार वर्षं मी उंबऱ्याबाहेर सोडलं नव्हतं. परक्या पोरापुढे तिच्या तोंडाला कुलूप. एके दिवशी खिडकीतून पाहिलं, तर वर्गातल्या ढब्बूपुढे हात पसरून म्हणतेय, "मला दे ना. मग तुला देते." आणि त्याने दिला की हो.

दुसऱ्या दिवशी त्यानेच हिसकावला. ती रडली. मला बघवेना. म्हटलं, प्रत्येकाला एक आणू, भांडणच नको.

वर्ग शांत झाला. कुणाला कुणाकडे काही मागायचंच उरलं नाही. नात भिंतीकडे तोंड करून बसू लागली. बाईंनी भर सभेत विचारलं, "एकोणीस चेंडू उचलून ठेवू का?" मी म्हणाले, "पोरांच्या तोंडचा घास काढता का, बाई?" सगळे हसले. चेंडू काढायचे नाहीत, असा ठराव झाला. सूचक मीच. त्याला दहा महिने झाले. "दे ना" पुन्हा ऐकलं नाही.

नवीन बाई मिळेपर्यंत वर्ग माझ्याकडे दिलाय. आज सकाळी देवाचं नाव घेऊन एकच चेंडू बाहेर ठेवला. पोरं एकमेकांवर तुटून पडली. ढब्बू चावला. नात भिंतीकडून वळलीसुद्धा नाही. बाईंसारखं थोडं थांबणं मला जमलं नाही. चेंडू पदराखाली घेतला. उद्याही हेच होणार, मला माहीत आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. अधिकउणं बोलले असेन तर पदरात घ्या. आणि बाई, नव्या गावी पोचलात की उलट टपाली एवढंच कळवा: मूल रडायला लागलं की मनात किती आकडे मोजून तुम्ही पुढे व्हायचात?