उंबराखालचं पानी

माझं माहेर राहुरीचं, मुळेच्या काठचं, तितं पान्याला कुनी पानी म्हनून मोजत नव्हतं, हात बुडवला की हुतंच, आन् मला दिलं ह्या कोरड्या माळावर, का तर थोरली बहीन आधीच हितं दिलेली, आई म्हनली येकीला येक सोबत हुईल. आक्काचे मालक आन् माझे मालक चुलतभाऊ, रानाला रान लागून, मधी निस्ता बांध, बांधावर उंबराचं झाड. झाडाच्या वरच्या अंगाला आक्काची विहीर, खालच्या अंगाला आमची. आक्काचं पानी गोड, डाळ येका उकळीत शिजायची. आमचं मचूळ, तेबी उन्हाळा लागला की तळाला. मग घागर घिऊन मी आक्काकडंच. ती दोर काय माझ्या हातात द्यायची न्हाई, सोताच पोहरा शेंदायची, म्हनायची हौसे, तू लहान हायेस. पोरंबाळं झाली तरी मी लहानच.

लढाईचे दिवस हुते, लोखंड मिळायची मारामार, आन् नेमकं तवाच आमच्या मालकांनी मनात घेतलं की विहिरीत आडवं बोर घ्यायचं, खाली निस्ता काळा फत्तर, खाली जाऊन उपेग न्हाई. मालकांचं असं, येकदा मनात घेतलं की भाकरीशीबी तेच बोलनार. नगरहून लतीफभाई मिस्त्री आनला, त्यानं कुठूनशी लांबलचक पहार पैदा केली. विहिरीत फळ्या बांधून बसायचं आन् पहार भिंतीत आडवी ठोकत, फिरवत न्यायची, ओंजळभर भुगा निघाला की दिवस मावळला. लतीफभाईनं आधीच इचारलं, कुठल्या अंगाला घालू. आता उंबर जितं तितं खाली पानी, हे हितल्या शेंबड्या पोरालाबी ठावं. आमच्या मालकांनी, गावच्या पानाड्यानं, आक्काच्या मालकांनी, समद्यांनी उंबराकडंच बोट केलं. आक्काचे मालक तर सोता फळीवर बसून पहार फिरवायचे, हात सोलले त्यांचे. उंबराखाली पानी हाय हे समद्यांना ठावं, ते कुनाचं हाय हे कुनाच्या डोक्यात आलं न्हाई. माझ्याबी न्हाई.

आन् लागलं की पानी. पहार येकाएकी मऊ गेली, मागनं मनगटायेवढी धार, लतीफभाई फळीवर भिजतोय आन् हसतोय.

आमच्या वस्तीवर रीत अशी की नव्या पान्याची ओटी घरच्या बाईनं भरायची न्हाई, शेजारच्या विहिरीच्या धनीनीनं भरायची, आन् पहिली ओंजळबी तिनंच प्यायची. आक्का हिरवं लुगडं नेसून आली. खन-नारळ सोडला, ओंजळ तोंडाला लावली आन् थांबली. काय सांगू तुमाला, तिचं ते तोंड मला अजून दिसतं. मी म्हनलं आक्का, कसं हाय गं. म्हनली, गोड हाय, आता डाळ शिजंल तुजी. माझ्या कपाळाला कुकू लावलं आन् गेली. मागनं मी पिले, तवा उमगलं. लगीन झाल्यापासनं तेच तर पानी पीत आलेले मी.

महिना सरायच्या आत आक्काची विहीर तळाला गेली. मालक हट्टी, पर मनानं वाईट न्हाईत, त्यांनी लगीच बाभळीचा खुंटा तासून भोकात ठोकला, वर चिंध्या, चुना. धार थांबली, पर पानी काय मागं गेलं न्हाई, बाजूच्या भेगंतनं पाझराय लागलं. लतीफभाईला परत बोलावलं. तो विहिरीत उतरला, वर आला, खाली बघत म्हनला, भाभी, भोक मला बुजवता येतं, पान्याला चढ चढवता येत न्हाई.

मग आक्का आमच्याकडं घागर घिऊन यायला लागली. मी शेंदायची, तिच्या हातात दोर द्यायची न्हाई. मालकांनी त्यांच्या रानाला मोटेची पाळी लावून दिली, अर्धं तुमचंच म्हनले. पर येक दिवस आक्का म्हनली, हौसे, मी रागावले न्हाई बग, पर माज्याच पान्यासाठी तुज्या विहिरीवर उभं ऱ्हानं मला जमत न्हाई. त्याच उन्हाळ्यात दोघांनी बिऱ्हाड गाडीत घातलं आन् गेले पुनतांब्याकडं, कॅनॉलच्या अंगाला, दुसऱ्याच्या मळ्यात राबायला.

आता विंग्रज गेला, आमच्या रानात गहू डुलतोय, लोक मला नशिबाची म्हनतात. डाळ येका उकळीत शिजते, आन् शिजली की माज्या घशाखाली उतरत न्हाई. तो खुंटा अजून तितंच हाय, कुजला, पर मालक काढू देत न्हाईत. चूक कुनाची म्हनावी, कुनाचीच न्हाई, म्हनून तर भांडताबी येत न्हाई, रडताबी येत न्हाई. आईनं दोघींना येकीला येक म्हनून दिलं हुतं.

तुमीबी विहीर काढताय म्हनला न्हवं. लागू द्या बाबा पानी, लई लागू द्या. निस्तं येवढंच, पहिली ओंजळ तोंडाला लावाल, तवा चव वळखीची नसू द्या.